जलसेतूचा संच: सगळं आहे, पन्हळ तेवढी नाही

मॉडेल जुळवायच्या एका संचाच्या खोक्यावर पाँ द्यू गारचा, म्हणजे फ्रान्समधल्या रोमन जलसेतूचा (पाणी नेणाऱ्या पुलाचा) फोटो होता. तीन मजली कमानी, खाली हिरवट नदी, वर निळं आकाश. किंमत ३,४५० रुपये. आमचे हे चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "एवढ्यात आजव्याला चारदा जाऊन आलो असतो. तिथं पाणी तरी खरं असतं." (आजवा म्हणजे बडोद्याला पाणी देणारा तलाव.) मी ऐकलं नाही. नातवाला, चिनूला, सुट्टी लागली होती, त्याच्या हातून मोबाइल सुटत नव्हता, आणि मला स्वतःलाच तो संच हवा होता. यातलं शेवटचं कारण मी घरात कुणाला सांगितलं नाही.

आधी थोडं माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढची कटकट कशासाठी ते कळेल. मी बडोद्यात पाणीपुरवठ्याच्या कामात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. (ड्राफ्ट्सवूमन असं कुणी म्हणालं नाही, मीही म्हणवून घेतलं नाही.) ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन, चूक झाली की ब्लेडनं खरवडायची, शेवटची काही वर्षं कॉम्प्युटर. काढलं काय, तर मुख्यतः एल-सेक्शन. म्हणजे पाइपलाइन जिथून जाणार तिथली जमीन सुरीनं उभी कापली तर बाजूनं कशी दिसेल, ते चित्र. त्यात आडवं माप घ्यायचं १:२५०० आणि उभं १:१००. दोन्ही सारखं घेतलं तर चढउतार दिसतच नाहीत, नुसती एक रेघ दिसते. म्हणून उभं माप ताणायचं. कागदावर जो डोंगर दिसतो तो जागेवर गेल्यावर सायकलवाल्यालाही जाणवत नाही. तर मला पाण्याचं काही दाखवलं की माझं लक्ष पहिल्यांदा उताराकडे जातं. पूलबिल सगळं नंतर.

आणि या पुलाची खरी करामत उतारातच आहे. दक्षिण फ्रान्समध्ये युझेस गावाजवळ एक झरा आहे. तिथलं पाणी रोमन लोकांना नीम शहरात न्यायचं होतं (कडुलिंबाशी काही संबंध नाही, गावाचं नावच तसं). सरळ रेषेत अंतर जेमतेम २० किलोमीटर. पण मध्ये डोंगर, म्हणून वळसे घेत घेत पाट झाला ५० किलोमीटरचा. आणि एवढ्या वाटेत पाणी उतरतं किती? साधारण साडेबारा मीटर. कारेलीबागेतल्या आमच्या चार मजली इमारतीची गच्ची ते फाटक एवढं. तेवढी उंची बडोद्यापासून पार नडियादच्या अलीकडपर्यंत पसरायची, आणि मध्ये कुठंही पाणी तुंबता कामा नये की धावताही कामा नये. सरासरी काढली तर किलोमीटरला २५ सेंटिमीटर, म्हणजे पाच मीटरला सव्वा मिलिमीटर. आमच्याकडे त्यासाठी डंपी लेव्हल होती (दुर्बिणीचं, उंची मोजायचं यंत्र), स्टाफ म्हणजे मापाची उभी पट्टी धरायला माणूस होता. त्यांच्याकडे वीस फुटी लाकडी बाक होता. त्याला ओळंबे लटकवलेले आणि वरच्या अंगाला कोरलेल्या खाचेत पाणी. गवंड्याच्या पाणसळीचा खापरपणजोबाच म्हणायचा.

बरं, उतार सगळीकडे सारखाही ठेवलेला नाही, आणि माझ्या मते सगळ्यात हुशारीचा भाग तोच. पुलाच्या अलीकडे त्यांनी पाटाला जास्त उतार दिला, म्हणजे पाणी लवकर खाली आणलं. पलीकडे तो अगदीच कमी केला. का? सगळीकडे सारखाच ठेवला असता, तर गार्दों नदीवरचा पूल आणखी सहा मीटर उंच बांधावा लागला असता. आताच तो जवळजवळ ४९ मीटर आहे. कुणीतरी एल-सेक्शन समोर ठेवून (कागदावर नसेल, डोक्यात असेल) म्हटलं असणार की साहेब, इथं थोडं उतरून घेऊ, पूल वाचेल. असा माणूस प्रत्येक ऑफिसात एक असतो आणि उद्घाटनाच्या पाटीवर त्याचं नाव नसतं.

आता संच. खोकं आलं ते एका कोपऱ्यात चेपलेलं. आत भाजलेल्या मातीचे छोटे दगड, रंग बरा, हाताला खरखरीत. ६४० तुकडे असल्याचं वर लिहिलेलं. चिनूनं जमिनीवर ओळी लावून मोजले, ६४० भरले, पण अकरा तुटके. हिरव्या प्लॅस्टिकचे कमानीचे फर्मे तीन, डिंकासारख्या चिकटीची बाटली एक, आणि पुस्तिका. माप १:१५० लिहिलंय. पूर्ण पूल नाही, मधला भाग तेवढा: खाली तीन कमानी, त्यावर तीन आणि सगळ्यात वर नऊ छोट्या. जुळवून झाल्यावर अर्ध्या मीटरहून थोडा लांब आणि फूटभर उंच होतो. जेवणाच्या टेबलावर ठेवला की एका माणसाची जेवायची सोय जाते. आमच्याकडे ती ह्यांची गेली.

तुटक्या तुकड्यांबद्दल विक्रेत्याला लिहिलं. आधी मशीननं उत्तर दिलं, मग माणसानं मशीनसारखं उत्तर दिलं. एकोणीस दिवसांनी पुडकं आलं. उघडलं तर त्यात कुठल्याशा किल्ल्याच्या बुरुजाचे कंगोरे. ते जपून ठेवा म्हटलं चिनूला, पुढेमागे लागतील. लागलेच.

पुस्तिकेत पहिल्याच पानावर पूल ख्रिस्तपूर्व १९ मध्ये सम्राट ऑगस्टसचा सेनापती अग्रिप्पा यानं बांधला असं ठोकून दिलंय. जुनी समजूत आहे ती. पाटाच्या खोदकामात जी नाणी आणि खापरं मिळाली, त्यांवरून हे काम इसवी सन ४० ते ६० च्या दरम्यानचं धरतात. म्हणजे अग्रिप्पा जाऊन पन्नासएक वर्षं उलटल्यावरचं. पण हे मी माफ करते. आमच्याकडेही जुन्या नकाशांवरची तारीख नव्या नकाशावर तशीच उतरून येते.

मापाची चूक मात्र माफ करत नाही. खऱ्या पुलात नदीवरून जाणारी कमान सगळ्यात मोठी आहे, साडेचोवीस मीटरची. बाजूच्या तिच्याहून लहान. म्हणून तिच्या डोक्यावर छोट्या कमानी चार बसतात आणि इतरांच्या डोक्यावर तीन. संचवाल्यांनी एकच फर्मा तीनदा वापरता यावा म्हणून सगळ्या सारख्या करून टाकल्या. आणि जाडी! खरा पूल खाली सुमारे सहा मीटर जाड, मधला मजला साडेचार, वरचा तीन. बाजूनं बघितलं तर तो वर निमुळता होत जातो आणि म्हणूनच एवढा उंच असूनही अंगावर येत नाही. इथं तिन्ही मजले सरळसोट तीन-तीन सेंटिमीटर. जणू एकावर एक ठेवलेली कपाटं. तीन मापांचे दगड पाडायला त्यांना जास्त खर्च आला असता हे मान्य, पण मग खोक्यावर १:१५० लिहू नये.

एवढं बोलून झाल्यावर हेही सांगते, की कमान लावण्याचा भाग फार सुंदर आहे. पैसे त्याचेच.

पुस्तिका म्हणते प्रत्येक दगडाला चिकटी लावा. मी चिनूला म्हटलं, खालच्या दोन मजल्यांना लावायची नाही. कारण खऱ्या पुलात हे मोठमोठे दगड चुन्याशिवायच बसवलेले आहेत. सहा-सहा टनांचे आहेत त्यातले काही. जवळच्याच खाणीतून, नदीकाठानं फार तर अर्धा-पाऊण किलोमीटरवरून आणलेला शिंपल्यांचा चुनखडी दगड. घडाई अशी की दगडावर दगड बसला की सांध्यात नख जाऊ नये. कुठला दगड कुठं बसायचा याच्या खुणाही दगडांवर कोरलेल्या आहेत, डावी बाजू, तिसरा, अशा. (आमच्या ड्रॉइंगवर पाइपांच्या सांध्यांना नंबर असतात, तसेच!) आणि वजन उचलायला मोठं लाकडी चाक, त्याच्या आत माणसं चालताहेत, दोर गुंडाळला जातोय. चिनूला हे ऐकून हॅमस्टरच आठवला, तर आठवू दे.

"आजी, गोंद नाही लावला तर पडेल ना?"

"लावून बघू."

हिरवा फर्मा दोन खांबांच्या मध्ये उभा केला. दोन्ही बाजूंनी एकेक पाचरी दगड चढवत आलो. दोन्हीकडून बरोबरीनं चढवायचे, नाहीतर फर्मा एका अंगाला कलतो. शेवटी माथ्यावर एक फट उरली. कळीचा दगड चिनूच्या हातात दिला. त्यानं जीभ बाहेर काढून तो बसवला, वरून अंगठ्यानं दाबला. मग मी फर्मा खालून हळूच ओढला, आणि सगळी कमान धाडकन टेबलावर. एक दगड थेट ह्यांच्या आमटीत.

चूक माझीच होती, आणि एकतीस वर्षं पाइपांत घालवलेल्या बाईला ती शोभत नाही. कमान खाली पडत नाही, ती आपले पाय बाहेर फाकवते. तिचा रेटा बाजूला जातो. सनमायकाच्या गुळगुळीत टेबलावर खांब सरकले आणि खेळ आटोपला. मग कडाप्प्याचा एक जुना तुकडा गॅलरीतून आणला, खरखरीत बाजू वर. दोन्ही टोकांना पितळी डबे लावले, एक गव्हाचा, एक तुरीच्या डाळीचा. मधल्या खांबांना धिरा लागत नाही, कारण दोन्हीकडच्या कमानी त्यांना सारख्याच रेटतात, रेट्याला रेटा. प्रश्न टोकांचा. खरा पूल दोन्हीकडे डोंगराला टेकतो, आमचा डाळीच्या डब्याला.

या वेळी तिन्ही कमानी लावून मग फर्मे काढले. तिसरा काढताना एक आवाज झाला, बारीकसा, 'टक्'. कळीचा दगड केसभर खाली बसला आणि सगळे दगड एकमेकांना चिकटल्यासारखे घट्ट झाले. चिनूनं श्वास रोखून धरला होता तो सोडला. मग बोटानं वरून दाबून बघितलं. जेवढं दाबावं तेवढी कमान पक्की. त्यानं मोबाइल आणून तिच्यावर ठेवला. सुट्टीत पहिल्यांदाच मोबाइलचा असा उपयोग झाला.

खऱ्या पुलावर या फर्म्यांची आठवण अजून दिसते. कमान जिथून सुरू होते तिथं खांबाच्या अंगातून दगड बाहेर डोकावतात. त्यांवर लाकडी सेंटरिंग टेकवायचं, आणि भिंतीवरच्या इतर पुढं आलेल्या दगडांवर मचाणं. काम संपल्यावर ते छाटले नाहीत, तसेच ठेवले. उद्या दुरुस्ती निघाली तर पुन्हा मचाण कुठं बांधणार? संचात हे दगड नाहीत. मी असते तर फक्त तेवढ्यासाठी पन्नास रुपये जास्त घेतले असते.

आता मूळ तक्रारीकडे येते.

वरच्या नऊ कमानी (या चिकटीनं लावल्या, तुकडे फारच बारीक होते) झाल्यावर सगळ्यात वर काय येतं, तर एक सपाट, भरीव पट्टी. संपलं. चिनूनं विचारलं, "आजी, पाणी कुठून जातं?" मी पुस्तिका उलटसुलट केली. खोकं झटकलं. पाणी कुठूनच जात नव्हतं. जो पूल बांधला तोच मुळी पाणी न्यायला, त्याला पन्हळ नाही. स्वयंपाकघर नसलेला वाडा. रोमन लोकांना कमानींची हौस होती म्हणून त्यांनी हा उभा केला, असंच ज्याला वाटतं त्यानं हा संच बनवलाय. अहो, पाट बहुतेक ठिकाणी जमिनीच्या पोटातूनच गेलाय. दरी आडवी आली आणि दुसरा इलाज राहिला नाही तेव्हा पूल. पाण्याच्या कामात पूल हा नाइलाज असतो. इथं नाइलाज विकायला काढला आणि काम गाळलं.

विक्रेत्याला पुन्हा लिहिलं: वरच्या मजल्याला पन्हळ नाही, तुकडे राहिलेत का? या वेळी दोन तासांत उत्तर आलं. "मॅडम, हा पूल आहे."

मी २०१९ च्या मे महिन्यात तिथं जाऊन आलेय. लेक ल्योंला असते, तिनं नीमपर्यंत रेल्वेनं आणि पुढे बसनं नेलं. खालून सगळे फोटो काढत होते, मीही काढले. पण मन भरलं ते वर, त्या पाटात शिरल्यावर. रुंदी सव्वा मीटरच्या आसपास, उंची माणसाएवढी, वर दगडी लाद्यांचं झाकण, काही लाद्या आता गेलेल्या. आतून गिलावा आहे, चुन्यात विटा-कौलांचा चुरा घालून केलेला. मी हात फिरवला आणि लेकीला म्हटलं, "अगं, ही तर सुरखी!" दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्यात जमिनीखाली पाण्याचं टाकं होतं, त्याला आतून असाच लालसर गिलावा होता. उन्हाळ्यात त्याचा वास यायचा, पहिल्या पावसाच्या मातीसारखा. नीमच्या पाटात गिलाव्यावरून आणखी एक लेप द्यायचे, विरवलेला चुना, डुकराची चरबी आणि कच्च्या अंजिराचा चीक. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिनं ते पाणी प्यायलं नसतं.

आणि त्या गिलाव्यावर चढलेला चुनखडीचा थर! झऱ्याचं पाणी जड. शतकानुशतकं वाहून वाहून दोन्ही भिंतींवर थर साचत गेला, जागोजागी हातभर जाड, मध्ये पाण्याला जेमतेम बोळ उरलेला. बोरच्या पाण्यानं गीझरची कॉइल जशी पांढरी होऊन जाते, तशी अख्खी नळी झालेली. जोवर घासून साफ करणारी माणसं पगारावर होती तोवर पाट चालला. रोमन राज्याची घडी विस्कटली आणि देखभाल सुटली, मग हे. पुढे गावकऱ्यांनी तेच थर फोडून त्यांच्या लाद्या घरांना लावल्या. वाया काही गेलं नाही.

ऐन भरात या पाटानं रोज सुमारे चार कोटी लिटर पाणी नेलं असेल असा हिशेब आहे. आमच्या भाषेत ४० एमएलडी, म्हणजे दिवसाला ४० दशलक्ष लिटर. पंप एकही नाही, विजेचं बिल शून्य. झऱ्यातून निघालेलं पाणी नीमला पोचायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ. तिथं एक गोल हौद आहे, साडेपाच मीटरचा, भिंतीला दहा भोकं, प्रत्येकातून शिशाची नळी वेगळ्या भागाला. तो हौद बघून मला ऑफिसात असल्यासारखं वाटलं. फक्त फोन वाजत नव्हता.

आणि एक गंमत. पुलाच्या खालच्या मजल्याला लागून दुसरा पूल चिकटवलेला आहे, रस्त्याचा. त्याआधी लोकांनी भलताच उद्योग केला होता. वाट काढण्यासाठी मधल्या मजल्याचे खांबच कोरले, सतराव्या शतकात तर तोफा नेण्यासाठी. पूल कलला नाही हे नशीब. मग १७४३ ते १७४७ मध्ये शेजारी नीट रस्ता बांधला. कुणी? आँरी पितो. मी पाटीसमोर दोन मिनिटं उभी होते. पितो म्हणजे आमच्या 'पिटॉट ट्यूब'वाला! वाकवलेली नळी, तोंड प्रवाहाकडे, नळीत पाणी किती चढतं त्यावरून वेग काढायचा. १७३२ मध्ये त्यानं ती काढली. तिचे आकडे मी वर्षानुवर्षं तक्त्यात भरले आणि तो उच्चार चुकीचा करत आले. संचात पितोचा पूल नाही, आणि एका परीनं बरंच झालं.

तर पन्हळ घरीच करायची ठरली. १:१५० नं रुंदी येते आठ मिलिमीटर, उंची बारा. बाजूच्या भिंतींना ते तुटके अकरा तुकडे आणि त्या परक्या किल्ल्याचे कंगोरे, कानस मारून सरळ केलेले. बसवले संचातल्याच चिकटीनं. एका टोकाला कपबशीतली बशी, दुसऱ्या टोकाला तांब्या. चिनूनं धार धरली. पाणी निघालं, अर्ध्यावर आलं, आणि तिथून खाली टपकायला लागलं. मी म्हटलं, ही गळती. तो म्हणाला, "नाही, हे चोरीचं कनेक्शन," आणि खाली आपली खेळण्यातली टँकर लावली. पोरगं माझंच. इसवी सन ९७ मध्ये रोम शहराच्या पाण्याचा कारभार फ्रोंटिनसकडे आला, तेव्हा त्यालाही हेच सापडलं होतं: शेतवाल्यांनी पाट फोडलेला, नळवाल्यांनी रस्त्याखालच्या नळ्यांना गुपचूप भोकं पाडलेली. त्यानं सगळं लिहून ठेवलंय. वाचताना आमच्या साहेबांचीच टिपणी वाटते.

आम्ही हसत होतो तेवढ्यात वरचा मजला सरकला. पुस्तिकेत बारीक अक्षरात छापलेलं होतं, आम्ही वाचलं नव्हतं: चिकटी पाण्यात विरघळते, संच धुऊन पुन्हा वापरता येतो. म्हणजे जलसेतूच्या संचाला पाणी चालत नाही. नऊच्या नऊ छोट्या कमानी एकेक करून ओघळल्या. खालचे दोन मजले, ज्यांना आम्ही काहीच लावलं नव्हतं, ते ओले होऊन जागच्या जागी उभे. चिनू त्यांच्याकडे बघत बसला. मी काही बोलले नाही, बोलायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी वाडीतल्या ओळखीच्या म्हाताऱ्या कडियाला, म्हणजे गवंड्याला बोलावलं. पन्नास ग्रॅम सुरखी पाहिजे म्हटल्यावर तो आधी हसला. मग मॉडेल बघितलं, कमानीवर टिचकी मारली. "बेन, आ तो रमकडुं छे ने?" (ताई, हे तर खेळणं आहे ना?) पण खिशातून मोडका चष्मा काढून वाकून सांधे बघत राहिला दहा मिनिटं. जुन्या विटेचा चुरा आणि भिजवलेला चुना घेऊन संध्याकाळी स्वतःच आला. वरचा मजला आम्ही चुन्यात पुन्हा लावला, पन्हळीला आतून काडीनं गिलावा केला. आठ दिवस ओलं फडकं. या आठ दिवसांत ह्यांनी ताट मांडीवर घेऊन जेवणं केली आणि एकदाही आजव्याचं नाव काढलं नाही, हे नोंदवून ठेवते.

उतार किती द्यायचा? पुलाचा पाट साडेचारशे मीटरमध्ये अडीच सेंटिमीटर उतरतो. तो हिशेब आमच्या तुकड्याला लावला तर अर्ध्या केसाइतकाही होत नाही. मग मी तेच केलं जे एकतीस वर्षं केलं: उभं माप ताणलं. एका टोकाच्या खाली दोन व्हिजिटिंग कार्डं सरकवली. पाणी गेलं. सावकाश, पन्हळीच्या काठाला चिकटून, मध्ये कुठंही न अडखळता, आणि दुसऱ्या टोकाला बशीत पडलं. चिनूनं मग ते सोळा वेळा केलं. मी त्याला सांगितलं की आजव्याचं पाणीही शहराकडे असंच येतं, सयाजीराव महाराजांच्या वेळेपासून, १८९० च्या दशकापासून, उतारानं. त्यानं नळ उघडून बघितला. आता रविवारी आजव्याला जायचं ठरलंय. अर्थात ह्यांनी "मी म्हणत होतो" असं म्हणून घेतलं.

पाचपैकी तीन तारे. दगड आणि फर्मे यांना चार द्यायला हरकत नाही, मापांना दोन, ग्राहकसेवेला एकही नाही. दहा वर्षांखालच्या मुलाला एकट्याला देऊ नका, वरच्या मजल्याचे तुकडे नखाएवढे आहेत. चिकटीची बाटली फेकू नका, फाटकी पुस्तकं चिकटवायला चांगली आहे. खरखरीत फरशी आणि भरलेले दोन डबे आधीच हाताशी ठेवा. पाणी सोडणार असाल तर चुना-सुरखी आणि एक जुना टॉवेलही. आणि आमटीचं पातेलं झाकून ठेवा.